चौथ्या ग्रेडचे मानकरी

कुरुंदवाडात माणसाला वय विचारावं लागत नाही. पंगतीतल्या पाटावरून उठताना तो कुणाचं नाव घेतो त्यावरून ते कळतं. चाळिशीपर्यंत तो कुणाचंच नाव न घेता उठतो आणि जाता जाता शेजाऱ्याचीही पत्रावळ उचलतो. पन्नाशीत 'आई गं' सुरू होतं. साठीत 'दत्ता, दत्ता' येतं. दत्ताची नरसोबाची वाडी पंचगंगेच्या पुलापलीकडेच असल्यामुळे ही हाक लोकल दरात पोचते. सत्तरीला मात्र देवावरचा भार कमी करून "कोण हाय का रं तिकडं?" अशी थेट माणसालाच हाक जाते, आणि तिकडं जो असतो तोही भिंत धरतच येतो.

यानंतरचा टप्पा गुडघ्याच्या एक्स-रेचा. पूर्वी ती काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरून घरातली सगळी मंडळी, अगदी शेंबडं पोरसुद्धा, 'ग्याप' शोधायची. आता ती मोबाईलवर येते आणि दोन बोटांनी मोठी करून पाहिली जाते. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. ते पातळ झालं की हाडं जवळ येतात, म्हणजे ग्याप कमी होतो. कूर्चा स्वतः एक्स-रेत दिसतच नाही, दिसते ती तिची रिकामी जागा. थोडक्यात, सगळं घर डोळे ताणून जे बघत असतं ते त्या फोटोत नसतंच.

केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन डॉक्टरांनी १९५७ साली अशा फोटोंना शून्य ते चार अशा पायऱ्या लावून दिल्या. त्यांनी त्या संशोधनासाठी लावल्या, आपण त्या मानपानासाठी घेतल्या. हळदीकुंकवात एक काकू म्हणतात, "माझी थर्ड ग्रेड." पलीकडून बारीक आवाज येतो, "माझी फोर्थ. दोन्ही." थर्डवाल्या काकू गुमान उठतात आणि घरातली एकुलती एक हाताची खुर्ची फोर्थकडं सरकवतात. आता फोटोतली ग्रेड आणि प्रत्यक्षातलं दुखणं यांचा मेळ बसेलच असं नाही, हे डॉक्टरांनाही मान्य आहे. चौथ्या ग्रेडच्या बाई दर पौर्णिमेला पूल ओलांडून चालत वाडीला जातात, आणि पहिल्या ग्रेडचे गृहस्थ रिमोट आणायला नातवाला पाठवतात. पण हे बोलून दाखवायचं नसतं. खुर्ची जाते.

तपासणी सरकारी हवी असेल तर एसटीची पहिली पायरी आहे. कुरुंदवाड आगाराच्या गाडीवर एक पाय ठेवला आणि दुसरा वर यायला वेळ लागला, की तेवढ्यात मागच्या रांगेतून इलाज मिळायला लागतात. रुईच्या पानाला एरंडेल लावायचं, तव्यावर गरम करायचं आणि रात्री बांधून झोपायचं. निरगुडीचा पाला उकळून शेकायचं. भाजलेली वीट फडक्यात गुंडाळायची. यातल्या शेकाला मी हसणार नाही. ऊब दिली की आखडलेला सांधा जरा सैल होतो, दुखणं तात्पुरतं कमी होतं, हे खरं आहे. आपल्याकडचा अनुभवही जुना आहे. चरकसंहितेत संधिगत वात आहे, आणि त्याची सूज हवा भरलेल्या कातडी पिशवीसारखी हाताला लागते इतकं नेमकं निरीक्षणही आहे. फक्त पानानं कूर्चा परत उगवते असं चरकानं कुठं म्हटलेलं नाही. ते रांगेतल्या माणसानं म्हटलेलं आहे.

रांगेतल्या माणसाचा दुसरा हातखंडा म्हणजे पथ्य. हरभऱ्याची डाळ वातूळ, बटाटा वातूळ, गवार वातूळ, आणि या सगळ्यांचं पुढारपण वांग्याकडं. कृष्णाकाठच्या वांग्याची चव ज्यानं घेतली नाही त्याला या शिक्षेची तीव्रता कळायची नाही. आमच्या गल्लीतल्या आक्कांची नदीकडेला मळीची जमीन. तिथली वांगी काळी, चकचकीत, देठाला काटे असलेली, आणि शिजली की लोण्यागत. ज्या दिवशी आक्कांना शेजारणीनं सांगितलं की, "आक्का, तुमचं गुडघं वांग्यानंच गेलं बगा," त्या दिवसापासून आक्कांनी वांगं सोडलं. घरात भरल्या वांग्याचा वास सुटला तर त्या परड्यात जाऊन बसायच्या. बसायच्या म्हणजे उभ्या राहायच्या. बसलं तर उठवणार कोण?

शेकाच्या वरची पायरी कॅप्सूलची. 'कूर्चा वाचवते' असं जिच्याबद्दल सांगितलं जातं ती ग्लुकोसामाइनची. सोबत बहुधा कॉन्ड्रॉइटिन असतं. आमचे तात्या माळकरी, चातुर्मासात कांदा-लसूण बंद, आणि पेशानं निवृत्त तलाठी. त्यामुळे बारीक अक्षर दिसलं की ते वाचल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. डबीवरचं बारीक अक्षर त्यांनी भिंगातून वाचलं आणि तडक दुकान गाठलं. ग्लुकोसामाइन मुख्यतः खेकडे आणि कोळंबीच्या कवचापासून काढतात.

"म्हंजे मी एकादशीला खेकडा खाल्ला?"

"तात्या, रस्सा न्हवता की," दुकानदार म्हणाला.

मक्यापासून केलेलं ग्लुकोसामाइनही मिळतं असं सांगून त्यानं त्यांना शांत केलं. कॉन्ड्रॉइटिन जनावरांच्या कूर्चेपासून निघतं, हे मात्र तो शहाणा माणूस बोलला नाही. मी तात्यांना वेगळीच माहिती दिली. या दोन औषधांची मोठी परीक्षा अमेरिकेत झाली. तिचा निकाल २००६ साली आला. गुडघेदुखीच्या १,५८३ रुग्णांचे पाच गट केले होते. एका गटाला ग्लुकोसामाइन, एकाला कॉन्ड्रॉइटिन, एकाला दोन्ही, एकाला खरी वेदनाशामक गोळी आणि एकाला नुसती खोटी गोळी. वेदनाशामकानं शंभरातल्या सत्तर जणांना उतार पडला. खोट्या गोळीनं साठ जणांना. कूर्चेच्या कॅप्सूल एकूण रुग्णांत या खोट्या गोळीला ठळकपणे मागं टाकू शकल्या नाहीत.

तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. तलाठी माणूस, आकडे लगेच समजतात.

"साठ टक्के म्हंजे वाईट न्हाई. मग ती खोटी गोळीच द्या की. त्यात खेकडा तरी नसंल."

कूर्चेच्या नावानं आणखी एक औषध आपल्याकडं भरपूर लिहिलं जातं, डायसेरीन. त्याचा प्रसिद्ध उपद्रव म्हणजे जुलाब. त्यापायी युरोपातल्या औषध नियंत्रकांनी २०१४ साली सांगून टाकलं की पासष्टीच्या वरच्यांना हे देऊ नका. म्हणजे गुडघा ज्यांचा दुखायचा त्यांनाच नको. यातली खरी गोम युरोपाला कळलेलीच नाही, कारण त्यांच्याकडं कमोड आहे. ज्याला गुडघ्यापायी उकिडवं बसता येत नाही, त्याला दिवसातून पाचदा उकिडवं बसायला लावायचं, हा उपचार परड्यातल्या संडासाच्या गावात सोसणं म्हणजे तपश्चर्या. आमच्या भागात कमोडचा प्रसार सरकारी योजनांनी जेवढा केला त्याहून जास्त या गोळीनं केला असावा, असं माझं मत आहे. त्याला पुरावा नाही.

मग कुणीतरी म्हणतं, "गुडघ्यातलं ग्रीस संपलंय, भरून घ्या." ग्रीस म्हणजे हायल्युरॉनिक आम्ल. आपल्या सांध्यातल्या वंगणात ते असतंच, त्याचंच इंजेक्शन देतात. कुणाला काही महिने बरं वाटतं, कुणाला पैसे गेल्याचं वाटतं. ते पूर्वीपासून कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढत आले, आता जंतूंकडूनही बनवून घेतात. तात्यांना हे कुणी सांगू नये. दुसरं इंजेक्शन स्टेरॉइडचं. त्यानं काही आठवडे झकास जातात, लग्नसराई निभते. पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दर तीन महिन्यांनी दोन वर्षं ते टोचत राहिले, तर मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा यांचीच कूर्चा जास्त झिजली, आणि दुखण्यात फरक काही नाही. तेव्हा एखाद्या लग्नाला ठीक. भाचे-पुतण्यांच्या सगळ्या लग्नांना नको.

राहता राहिली वेदनाशामक गोळी. ती इथं चिठ्ठीवाचून मिळते आणि बडीशेपेसारखी खाल्ली जाते. रोज खाल्ली तर पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांचं नवं प्रकरण उघडतं. त्यापेक्षा तेच औषध मलमातून वरून चोळलेलं बरं. गुडघ्यासाठी जाणती डॉक्टर मंडळी आधी तेच सांगतात. पण मलमाला गावात मान नाही. ते स्वस्त पडतं.

एवढ्या सगळ्याचं सार असं की झिजलेली कूर्चा भरून आणणारं किंवा तिची झीज थांबवणारं म्हणून अमेरिका-युरोपच्या नियंत्रकांनी मान्य केलेलं एकही औषध आजपर्यंत नाही. दुखणं कमी करणारं आहे, कूर्चेचा विमा उतरवणारं नाही.

आणि हे सगळं चाललंय कुठं? वेटलिफ्टिंगच्या गावात. २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत गणेश माळीनं ५६ किलो गटात, ओंकार ओतारीनं ६९ किलो गटात आणि चंद्रकांत माळीनं ९४ किलो गटात कांस्यपदक मिळवलं. तिघंही कुरुंदवाडचे. मोठमोठ्या शहरांना जे जमत नाही ते या गावानं एका स्पर्धेत केलं. स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त लोखंड छातीवर घेऊन पार खाली बसायचं आणि तिथून उठायचं, कुणाचंही नाव न घेता. त्याच दिवसांत गल्लीत एखादी आत्या रिकाम्या हातानं पाटावरून उठायला दोन माणसं मागवत असणार. दोघांचेही गुडघे पंचगंगेच्याच पाण्यावर वाढलेले.

फरक कशात पडतो? कूर्चेत रक्तवाहिनी नसते आणि नसही नसते. नस नसल्यामुळे ती झिजू लागली तरी बिचारी ओरडत नाही. ओरडतं ते खालचं हाड आणि सांध्याचं अस्तर, तेही उशिरा. आणि रक्त नसल्यामुळे तिला घरपोच जेवण नाही. सांध्यातल्या पाण्यातून तिला जे मिळेल ते, आणि तेही कधी? वजन पडलं की ती स्पंजासारखी दाबली जाते, वजन उचललं की पाणी आत ओढून घेते. म्हणजे चाललं तर जेवण, बसलं तर उपास. आपल्याकडं 'आता वय झालं, बसून खावा' असं मायेनं सांगतात. त्यात खाणारा जेवतो आणि त्याची कूर्चा उपाशी राहते. लोखंड उचललं की गुडघे वज्राचे होतात असा अर्थ कुणी काढू नये, खेळाडूंच्या गुडघ्यांना दुखापतींचा धोका वेगळाच असतो. पण मांडीचा पुढचा स्नायू बळकट असला की गुडघ्याचा बराच भार तो पेलतो, एवढं आत्याच्याही उपयोगाचं.

भार म्हणजे केवढा? सपाटीवर चालताना गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो, जिन्यावर त्याहून जास्त. एका अभ्यासात असं निघालं की अंगातलं एक किलो उतरवलं तर पावलागणिक गुडघ्यावरचे चार किलो उतरतात. हा व्यवहार फायद्याचा आहे, तात्यांना लगेच पटला. पण वजन उतरवायचं कुठं, तर वाडीच्या शेजारी. इथं पाहुणा आला की बासुंदी, पाहुणा निघाला की पेढे आणि कवठाची बर्फी, आणि पाहुणा आलाच नाही तर आणलेलं वाया जाईल म्हणून आपण. गावात वजन वाढवण्याच्या स्पर्धेला पदकं आहेत, कमी करण्याला नाहीत. पाच किलो उतरलेल्या माणसाला इथं "शुगर निगाली काय ओ?" असं विचारतात.

इथं एक गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. शिरोळ तालुका उसाचा. उसातलं तण बायका काढतात, उकिडवं बसून, पुढं सरकत सरकत. भांगलणीचा दिवस संपला तरी घरी चूल, भांडी, धुणं हे सगळं पुन्हा उकिडवंच. बीजिंगमधल्या म्हाताऱ्या माणसांचा असा अभ्यास झालेला आहे. तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवं बसलेल्यांत गुडघ्याची झीज जास्त सापडली. अशा बाईला डॉक्टर सांगतात, "खाली बसायचं नाही." ती मान हलवते. चिठ्ठी कनवटीला खोचते आणि दुसऱ्या दिवशी सरीत बसते. उभ्यानं भांगलण होत नाही आणि बसल्याशिवाय मजुरी मिळत नाही. तिची ग्रेड कुणी काढलेली नसते, आणि हळदीकुंकवातली ती खुर्ची तिच्यापर्यंत येत नाही.

खुर्चीचं म्हणाल तर तिनं गावाचं रूप पालटलंय. सत्यनारायणाला यजमान खुर्चीवर, भजनात टाळकरी खुर्चीवर, मशिदीत मागच्या ओळीत नमाजी खुर्चीवर. मशिदींत गणपती बसवण्याची कुरुंदवाडची रीत वर्तमानपत्रांना दरवर्षी नव्यानं आठवते. त्या एकोप्याचे फोटो छापून येतात. गणपती आणि पीर दोघांनाही मांडी घालून नमस्कार करणं ज्यांना जमत नाही अशांचा, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या एकाच गठ्ठ्यावर चालणारा एकोपा मात्र कुणी छापत नाही.

आक्कांना शेवटी लेकानं फिजिओथेरपीला नेलं. तिथं एवढीशी पोरगी. तिनं टॉवेलची गुंडाळी करून आक्कांच्या गुडघ्याखाली ठेवली आणि म्हणाली, "ही खाली दाबा. पाच आकडे मोजा. सोडा." आक्कांनी दाबली, मोजली, सोडली आणि विचारलं, "आन इलाज?" हाच इलाज, हे कळल्यावर त्या नाराज झाल्या. एवढे पैसे घेऊन यांनी टॉवेलसुद्धा आपलाच वापरला! मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, खुर्चीतून हात न टेकता उठायचं, रोज थोडं चालायचं. काठी घ्यायची तर दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. हे शेवटचं गल्लीत कुणालाच पटलं नाही. नाटकात सगळे म्हातारे दुखऱ्या बाजूलाच काठी धरतात. पण अंगाचा भार त्या पायावरून काढून घ्यायचा तर काठी पलीकडच्या हातातच हवी.

घरी व्यायामाचा ताबा नातवानं घेतला. तो व्यायामशाळेत जातो, त्यामुळे त्याची भाषा वेगळी. "आज्जी, आज तीन सेट. मधी बोलायचं न्हाई." सेट मालिकेच्या जाहिरातींत बसवले. पहिले काही दिवस दुखलं, नातू म्हणाला दुखणारच. पुढं पुढं आक्का पाय उचलून धरून मालिकेतल्या सासूला शिव्या घालू लागल्या. शिवी लांबली की सेटही लांबायचा. दोन्हीचा फायदा झाला.

तरीही ज्यांचं भागत नाही त्यांच्यासाठी मिरज जवळच आहे. विल्यम वान्लेस यांनी १८९४ साली तिथं रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून या भागातली दुखणी मिरजेच्याच रस्त्याला लागतात. गुडघा बदलायची भीती वाजपेयींनी घालवली. पंतप्रधान असताना त्यांनी २००० साली एक आणि २००१ साली दुसरा बदलून घेतला, आणि घराघरांत 'पंतप्रधानांचं झालंय' हे वाक्य ऑपरेशनच्या बाजूनं वापरात आलं. २०१७ साली सरकारनं कृत्रिम सांध्याची कमाल किंमत बांधून दिली. नेहमीच्या धातूचा सांधा सुमारे ५५ हजारांत बसला. हॉस्पिटलचं बिल वेगळं, हे लोकांना तिथं गेल्यावर कळलं.

आक्कांवर ती वेळ आलेली नाही. तपासायला गेल्या तेव्हा डॉक्टर खूश झाले. आक्का जिन्यानं आल्या होत्या, कठड्याला धरून, पण जिन्यानं. निघता निघता त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "डॉक्टर, वांगं कधी खाऊ?"

"कधीबी खावा की, आक्का. वांग्यानं गुडघा झिजतो असं कुठं सिद्ध झालेलं न्हाई."

आक्का गप्प. गाडीत बसल्या तरी गप्प. वाडीचा फाटा आला तेव्हा लेकानं विचारलं, "आई, पण मग एवढी वर्षं मळीतली वांगी जात होती कुठं?"

"तिच्याच घरी. शेजारणीकडं. टाकून कशी द्यायची म्हणून पाटी भरून देत हुते."

"आणि तिचे गुडघे?"

"चांगलं टणटणीत हाईत. परवा वरच्या मजल्यावर चढून आलती, पाटी न्यायला."